न वाळणारी चादर

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. पुढे वाचून मला अक्कल शिकवायला येऊ नये.

आम्ही भूत मानणारी माणसं नाही. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले गंडेदोरे उचलून नदीत फेकले. माझ्या घरात लिंबू येतं ते फक्त पिळून खायला. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटते.

पण जे घडलं ते माझ्या लेकीच्या घरी घडलं. राणीच्या. दिवसाढवळ्या, घर माणसांनी भरलेलं असताना.

डिसेंबरातला रविवार. सिंगापूर, वुडलँड्समधला उंच मजल्यावरचा फ्लॅट.

आता आधी राणी कशी आहे ते सांगते. लहानपणापासून भारी किळसवाणी. म्हणजे तिला किळस येते, ती नव्हे! पेल्याला वास येतो म्हणून तीनदा विसळणार. केस सापडला की ताट बाजूला. मी म्हणायची, "तुझ्यासाठी पाणीसुद्धा धुऊन ठेवते, थांब." तिचं बाळंतपण माझ्याकडे नागपूरला झालं, आणि पोर सात महिन्यांची झाल्यावर ती तिला घेऊन नवऱ्याकडे गेली. जावई उज्ज्वल इंजिनिअर, तिथे बऱ्याच वर्षांपासून.

सिंगापूरला थंडी नसते. पण डिसेंबरात असा पाऊस लागतो की भिंतींना घाम येतो. आमची माणसं त्यालाच हिवाळा म्हणतात आणि स्वेटर घालून बसतात. नागपूरच्या खऱ्या थंडीत बनियनवर हिंडणारी माणसं!

तिथे शहराच्या पार उत्तरेला आपली थोडी बौद्ध कुटुंबं राहतात. टॅम्पिनीसची, मरीन परेडची मराठी मंडळी लांब पडतात, म्हणून यांनी आपलंच मंडळ केलं. सगळ्यांना सगळ्यांच्या घरची फोडणी ओळखू येते, एवढं घट्ट. दर रविवारी दुपारी वंदना. आज एकाच्या घरी, पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या.

आणि त्यांची एक चादर आहे. लांबलचक, पांढरी, खादीची. नागपूरहून नेलेली. वंदनेला सगळ्यांनी तिच्यावरच बसायचं. ज्याची पाळी त्याने ती धुवायची, अंथरायची आणि पुढच्या घरी पोचवायची.

राणीची पहिलीच पाळी होती. त्याच दिवशी पोरीचं नामकरणही ठरलं होतं. कागदावर नाव होतं, पण चारचौघांत, वंदना करून ठेवायचं राहिलं होतं. बाप जवळ नव्हता ना. तोवर सगळे तिला चिऊच म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी मेधाकाकू चादर घेऊन आल्या. या मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या भीमराव काकांच्या बायको.

आत आल्या नाहीत.

"या ना काकू, चहा टाकते."

"नको गं. पाऊस आहे."

पाऊस बाहेर. त्या आतल्या कॉरिडॉरमध्ये, कोरड्या. पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि हात साडीला पुसले.

"धुतलीय मी. चांगली दोनदा. वास आला तर... पावसाचा असेल."

राणीने अजून पिशवी उघडलीसुद्धा नव्हती.

उघडली, आणि हात लांब करून धरली.

वास ओल्या कपड्याचा नव्हता. फ्रिज बंद पडून आत काहीतरी सडावं, आणि वर कोणीतरी अत्तर शिंपडावं, तसा. गोड. घशाला चिकटणारा. तिने नाकाला पदर लावून चादर मशीनमध्ये कोंबली. गरम पाणी, दुप्पट पावडर, वर व्हिनेगर.

खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालायची सोय नाही, पाऊस धो धो. म्हणून खुर्च्यांवर पसरून पंखा लावला. शेजारीच पोरीची दुपटी.

दुपटी संध्याकाळपर्यंत वाळली.

चादर वाळली.

एक कोपरा सोडून.

शेवटाकडचा. पाटाएवढा गोल. हात लावला तर... गार नव्हता. कोमट होता. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा.

शनिवारी तिने तो कोपरा इस्त्रीखाली धरला. चर्र झालं, वाफ निघाली आणि वाफेबरोबर तो वास. राणी धावत बेसिनकडे गेली. परत येऊन बघते तर कोपरा पुन्हा ओला. आणि आता त्याच्यावर बुरशीचे बारीक काळे ठिपके.

तिने मला फोन लावला.

"आई, मी आपली दुसरी पांढरी चादर अंथरू का? नवी आहे."

"मग अंथर की. विचारतेस काय?"

"हे नाही म्हणतात."

मागून उज्ज्वलचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "वास येतो म्हणून नको? हे आपण म्हणायचं, राणी? तुझ्या आजीला विहिरीवर कोण काय म्हणायचं ते विसरलीस? आता आपणच विटाळ पाळायचा का?"

माझी आई विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. तिच्या अंगाची लोकांना किळस यायची. त्या बाईची नात चादरीला नाक मुरडते म्हटल्यावर मीही जावयाच्याच बाजूने गेले.

"अंथर बाई," मी म्हटलं. "खाली गादी घाल."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. एवढं बोलला, पण जावई एकदाही म्हणाला नाही की वास येत नाही.

रविवारी दुपारी आभाळ एवढं काळं झालं की दिवे लावावे लागले. एकेक जण येऊ लागला. जयभीम, जयभीम. दाराबाहेर ओल्या चपलांचा ढीग. आतून खिरीचा वास. राणीने चादर भिंतीपासून दारापर्यंत अंथरली होती. ओला कोपरा मुद्दाम दाराकडे टाकला, म्हणजे तिथे कोणी बसणार नाही.

आणि खरंच कोणी बसलं नाही.

माणसं दाटीवाटीने बसली. गुडघ्याला गुडघा. मंडळातल्याच प्रतापची बायको अर्धी फरशीवर बसली. पण त्या कोपऱ्याकडे कोणी सरकेना. कोणी बघेसुद्धा ना.

प्रतापची छोटी मुलगी तेवढी उड्या मारत तिकडे गेली. आणि मागे फिरली.

"आंटी, तिथे बसू शकत नाही लाह. ऑलरेडी कोणीतरी आहे." तिकडची पोरं बोलताना असं 'लाह' लावतात.

"गप बस!" प्रताप खेकसला.

एवढ्या मोठ्याने की राणी दचकली. पोर चेष्टा करतंय म्हणून कोणी हसलं नाही. एकही जण नाही.

वंदना सुरू झाली. भीमराव काका एक ओळ म्हणायचे, मागून सगळे.

सगळ्यांच्या मागून...

आणखी एक आवाज.

अर्धी ओळ उशिरा. बाईचा. बसका. राणीला वाटलं कोणाचा फोन चालू राहिला. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. सगळ्यांचे फोन खाली. सगळ्यांचे हात जोडलेले. आणि सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले. भक्तीने मिटतात तसे नाहीत, डॉक्टर सुई टोचताना मिटतात तसे.

मध्येच खोकला. कोरडा, दोन ठसके.

मेधाकाकूंच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

शेवटी सगळ्यांनी तीनदा "साधु" म्हटलं. सगळे थांबले.

आणि मग दारापाशी...

"साधु."

राणीने वळून पाहिलं. कोपरा रिकामा होता. पण चादर खाली दबली होती, गादीसकट. कोणी मांडी घालून बसावं तशी.

भीमराव काका चटकन म्हणाले, "नामकरण. चला, नामकरण घेऊ."

पोरीला चादरीच्या मधोमध बसवलं. मेधाकाकूंनी तिच्या कानात नाव सांगितलं. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, "उत्पला!"

पाऊस एकदम थांबल्यासारखा झाला. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना.

आणि दाराकडून... सावकाश... लाडाने...

"उत्पला."

पोर हसली. वळली. आणि रांगत सुटली तिकडे.

मोठी माणसं होती हो तिथे! इंजिनिअर, डॉक्टरेट केलेली, रॅफल्स प्लेसला काचेच्या ऑफिसात बसणारी. एकानेही हात पुढे करून पोर अडवली नाही. बसल्या जागी दगड.

राणी माणसं ओलांडत धावली. तोवर पोर कोपऱ्यात पोचली होती. दोन्ही हात वर करून. कोणीतरी उचलून घ्यावं म्हणून करतात तसे.

आणि तिचे पाय... जमिनीवरून किंचित सुटलेले होते.

राणीने तिला ओढली. खरंच ओढली. पलीकडून कोणीतरी धरलं असेल तर जेवढा जोर लागेल तेवढा लागला, असं तिने मला सांगितलं. पोरीच्या काखा ओल्या होत्या. चिकट. आणि तो वास.

"कोण बसतं इथे?" राणी ओरडली. "कोण आहे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. उज्ज्वल फरशीकडे बघत होता.

शेवटी मेधाकाकूंनी तोंड उघडलं.

"सुलेखा."

सुलेखा मंडळातलीच. युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. इशूनला एकटी भाड्याने राहायची. दर रविवारी दोन बस बदलून यायची, म्हणून उशीर व्हायचा. दारापाशी बसायची. वंदनाही अर्धी ओळ मागेच म्हणायची. मुलं तिची नक्कल करायची आणि ती स्वतःच हसायची.

राणी सिंगापूरला जाण्याआधीच्या महिन्यात ती एका रविवारी आली नाही. ताप असेल, म्हणाले. दुसऱ्या रविवारीही आली नाही. तिच्या जागेवर मुलांची दप्तरं ठेवली. प्रतापला वाटलं मेधाकाकूंनी फोन केला असेल. मेधाकाकूंना वाटलं उज्ज्वलने. उज्ज्वलला वाटलं, एवढं मोठं मंडळ, कोणीतरी केलाच असेल.

शेजारच्या चिनी म्हातारीने तक्रार केली, तेव्हा दार फोडलं.

मंदाईच्या स्मशानात दहन केलं. पेटी बंदच ठेवावी लागली. वर घालायला ऐनवेळी पांढरं कापड नव्हतं. मंडळाची चादर भीमराव काकांच्या गाडीत होती. ती घातली. पेटी आत जायच्या आधी काढून घेतली.

"मंडळाची चादर होती," भीमराव काका म्हणाले. आवाज करडा होता. "स्वच्छ धुतली. विटाळ आपण मानत नाही. आणि हे जे तुम्ही सगळे समजताय, तेही आपण मानत नाही. बाल्कनीचं पाणी आहे ते."

त्या फ्लॅटला बाल्कनी नाही.

राणी पोरीला छातीशी धरून उभी होती. जन्मभर केसाने आणि वासाने ओकारी काढणारी माझी लेक. तिला तेव्हा खरी किळस आली, पण चादरीची नव्हे.

"काका," ती म्हणाली, "तिचा वास शेजारच्या म्हातारीला आला. आपल्यापैकी कोणाला नाही आला?"



तिने खिरीची पहिली वाटी भरली. ताट वाढलं. दारापाशी त्या ओल्या जागेपुढे नेऊन ठेवलं. "घ्या ताई," म्हणाली, "नाव तुम्ही ठेवलंत, तोंड गोड करा."

प्रताप बायको-पोरीला घेऊन न जेवता निघून गेला. एकेक करून सगळेच उठले. जयभीमही धड तोंडातून निघेना. चपला घालायला जाताना सगळ्यांनी त्या ताटाला लांबून वळसा घातला.

वाटीत नंतर काय होतं ते मला राणीने सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आई, ते नको." एवढंच कळलं की ती वाटी, ते ताट, दोन्ही तिने फेकून दिलं.

चादर मात्र त्याच संध्याकाळी वाळली. पावसात. खडखडीत.

पुढच्या घरी ती गेली नाही. कोणी मागितलीच नाही. मंडळाने नवी निळी सतरंजी घेतली आणि त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. शिकलेल्या माणसांना गप्प बसायला छान जमतं. चादर राणीच्या कपाटात घडी करून ठेवली आहे. जाळायची तर तिला धीर होत नाही. आणि ती फेकणार नाही. "एकदा फेकलंच आहे त्यांना सगळ्यांनी," म्हणते.

उत्पला आता चालते, बोलते. सुट्टीत नागपूरला आणली आहे. कान तपासून घेतले, डॉक्टर म्हणाले उत्तम आहेत.

कारण पोर पहिल्या हाकेला येत नाही.

हाक मारली की थांबते. मान दाराकडे वळवते. ऐकत असल्यासारखी उभी राहते... मग हसते, आणि मग येते.

मी परवा स्वयंपाकघरातून हाक मारली. एकदाच. मुद्दाम एकदाच, आणि तोंड घट्ट मिटून उभी राहिले.

पोर थांबली. दाराकडे पाहिलं.

हसली.

आणि मग आली.