एल्डरमूर हॉलचं लाकडी अननस

"चोर घरातलाच आहे," देवदत्तकाका म्हणाले. "माझी सून, मोना."

चारुदत्तला चहाचा ठसकाच लागला. पार्सिपनी या अमेरिकन गावातल्या त्या घरात येऊन बसतात न बसतात तोच हे. अहिल्या चौबळ मात्र शांतपणे रिकामं फडताळ न्याहाळत होती. आयसेलिनला साडीच्या दुकानावर तिचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं आणि चारुदत्त तिचा मदतनीस. गाडी तो चालवी, डोकं ती.

भिंतीभर एकाच इंग्लिश हवेलीचे, एल्डरमूर हॉलचे, फोटो होते. तरुणपणी काका इंग्लंडला शिकत असताना तिच्या फाटकाजवळच्या खोलीत त्यांनी आणि सरलाकाकूंनी पहिला संसार थाटला होता. निवृत्तीनंतर काका त्या हवेलीचा इतिहासच लिहायला बसले होते.

"मालकांनी आधी जंगल विकलं, मग शेतं, मग छपराचं शिसंसुद्धा," काका सांगू लागले. "शेवटी पाडणारे आले. जिन्याच्या कठड्यावरचं मुठीएवढं लाकडी अननस सरलानं ढिगाऱ्यातून उचललं. एल्डरमूर हॉलचं तेवढंच उरलं होतं. तिथले गावकरी आता ते हवेलीची आठवण म्हणून न्यायला येणार आहेत. चहा घेणार ना?"

चहा हातातच होता. वय झालं की होतं असं, चारुदत्तला वाटलं.

सरलाकाकू गेल्या महिन्यात गेल्या. अंत्यविधीच्या सकाळी अननस फडताळावर होतं, एवढं सगळ्यांना आठवत होतं; त्यानंतर ते दिसलं नव्हतं.

अहिल्यानं टेबलाचा खण उघडला. आत हवेलीचं नाव कोरलेली पितळी पट्टी आणि दोन स्क्रू होते.

"हे अननसाचंच," काका गोंधळले. "इथे कसं आलं?"

जुन्या वस्तूंचा व्यापारी कुमार ते अननस मागायला येऊन गेला होता. चारुदत्तनं त्याला फोन लावला. "अरे यार, पट्टीशिवाय ते नुसतं लाकूड," तो हसला. "कोण विकत घेणार?"

काकांचा मुलगा देवांग अंगणात भेटला. "मोना डिनायसुद्धा करत नाहीये. मी काय समजायचं? त्या दिवशी मी धावपळीत होतो. फ्युनरल होमवाले म्हणाले, दाहिनीत मेटल काही चालणार नाही. आईच्या बांगड्या मी काढल्या. बाबांनी शालीत गुंडाळून चंदन तिच्याजवळ ठेवलं, आणि मग..."

मोना दारातल्या कपाटातून कोट काढून बॅगेत भरत होती. अर्विंगला बहिणीकडे निघाली होती.

"समजा मीच घेतलं," ती म्हणाली. "केस क्लोज करा ना, ताई."

"तो काळा कोट कुणाचा?"

"बाबांचा. त्या दिवसानंतर घातला नाही त्यांनी."

अहिल्यानं खिशात हात घातला. दुकानाच्या प्लास्टिकमध्ये सीलबंद चंदनाचा तुकडा निघाला. मोनानं तोंड फिरवलं.

अहिल्यानं सगळ्यांना काकांच्या खोलीत बोलावलं.

"कुमारच!" चारुदत्त कुजबुजला.

"चारू, गाडीची किल्ली सांभाळ." तिनं पट्टी आणि चंदन शेजारी ठेवलं. "विकायचं असतं, तर चोरानं पट्टी आधी नेली असती. ती मागे ठेवली, कारण अननस जिथे जाणार होतं तिथे धातू चालत नव्हता. आणि चंदन तर खिशातच राहिलंय, देवांग. मग शालीत गुंडाळलेलं लाकूड कोणतं?"

देवांग वडिलांकडे बघत राहिला.

"मोनानं ते पाहिलं होतं. काका विसरले. हातात चहा असलेल्याला चहा विचारतात, तसंच."

"बाबा रोज शोधतात हो," मोना रडू लागली. "आपल्याच हातांनी जाळलं, हे त्यांना कसं सांगू? त्यापेक्षा मी चोर बरी."

काकांनी चंदन नाकाशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले.

"इथे लाकडाची चिता नसते ना," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, आपल्या पहिल्या घराचं तरी लाकूड तिच्याबरोबर असावं. तिला थंडी फार वाजायची गं तिथे." मग त्यांनी हात जोडले. "मोना, चुकलो. जाऊ नकोस."

देवांगनं बॅग उचलून आत नेली. परत येऊन तो मोनाशेजारी मान खाली घालून बसला. चारुदत्त उघडउघड रडत होता, आणि या वेळी मात्र अहिल्यानं त्याला चिडवलं नाही.

निघताना ती दोघं दारात बूट घालत होती, तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला.

"मोना, अननस कुठे गेलं गं?"

उत्तर देवांगनं दिलं.

"आईजवळ आहे, बाबा."

"हो का? बरं झालं," काका म्हणाले.