डोंडा केला

"मला तुरुंगात जायचं नाही," आत येताच ती बाई म्हणाली आणि मग खुर्चीत बसली.

वहिनींना अशी माणसं आवडत. आधी मुद्दा, मग पाणी. त्यांचे धाकटे दीर भाऊजी मात्र पाण्याचा ग्लास घेऊन मध्येच अवघडून उभे राहिले. वहिनी खासगी तपास करत आणि भाऊजी त्यांना मदत करत, असं निदान भाऊजींचं म्हणणं होतं.

बाई लिफ्टचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात चाचणीप्रमुख होत्या. मागच्या महिन्यात एका इमारतीतली लिफ्ट घसरली, माणसं जायबंदी झाली. न्यायालयाने कंपनीचं सगळं चॅट मागवलं. त्या ढिगातून नेमकं एक संभाषण वर आलं. उत्पादन व्यवस्थापकाने विचारलं होतं, "भाराच्या चाचणीचं काय?" आणि बाईंचं उत्तर होतं, "टाळा, मग सही."

"मी 'ताळा' लिहिलं होतं हो!" बाई म्हणाल्या. "आकड्यांचा ताळा करून बघा, जमला तर सही करा. पण आम्ही सगळे घाईत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. त्यात ताळा काय नि टाळा काय, दिसायला एकच. आता तो म्हणतो, बाईंनी चाचणी टाळायला सांगितली, मी टाळली. आज दुपारी कंपनीची चौकशी आहे. त्यात मी हरले की पोलीस."

"त्याने उलट उत्तर काय दिलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"रोज ढीगभर मेसेज येतात, आठवत नाही. न्यायालयाच्या प्रतीत आहे, पण मला त्याचा अर्थ लागत नाही."

बाईंनी प्रत पुढे केली. व्यवस्थापकाचं उत्तर असं होतं: "डोंडा केला. सही केली."

भाऊजींचे डोळे चमकले. "वहिनी, हा डोंडा म्हणजे तिसरा माणूस! याला गाठला की संपलं."

चॅट जपून ठेवणारा संग्रहपाल कंपनीच्या तळघरात, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसला होता. यंत्रांसाठी खोली थंडगार ठेवावी लागे आणि माणसाचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

"मेसेज गेला की त्याची प्रत इथे येते," तो म्हणाला. "नंतर कोणी पुसो, बदलो, इथली प्रत हलत नाही. मलासुद्धा तिला हात लावता येत नाही."

"मग हे देवनागरीत कोणी केलं?"

"प्रोग्रॅमने. न्यायालयाला वाचता यावं म्हणून. मूळ इंग्रजी अक्षरं आहेत ना माझ्याकडे, पण अजून कोणी मागितली नाहीत. प्रोग्रॅम नवा आहे, पण शिस्तीचा. एक शब्द एकदा जसा लिहिला, तसाच सगळीकडे लिहितो."

"चुकला तरी?"

"चुकला तरी तसाच," संग्रहपाल अभिमानाने म्हणाला.

भाऊजी पानं चाळता चाळता खो खो हसले. "हे बघा वहिनी! हिशेबनीस साहेबांना लिहितोय, 'उड्या भेटू.' काय उत्साही लोक आहेत!"

वहिनींनी ते पान नीट वाचलं. मग संग्रहपालाला म्हणाल्या, "डोंडा हा शब्द आणखी कुठे आलाय, शोधता?"

आणखी एकाच ठिकाणी आला होता. कंपनीच्या नर्सने पहारेकऱ्याला लिहिलं होतं, "गोळी रोज डोंडा घ्या."

"म्हणजे औषध आहे तर," भाऊजींनी निष्कर्ष काढला. माणसाचं औषध झालं, तरी त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

व्यवस्थापक कडक इस्त्रीच्या शर्टात होता. "मी हुकमाचा ताबेदार," तो म्हणाला. "बाईंनी टाळा म्हटलं, मी टाळली."

"आणि डोंडा?"

त्याने शर्टाची बाही सारखी केली. "आमच्या खात्यातला शब्द आहे. डोंडा करणं म्हणजे कामाला फाटा देणं."

"तुम्हीच लिहिला होता? नक्की आठवतं?"

"माझं लिहिलेलं मला आठवणार नाही होय?"

जिन्यात भाऊजी हळहळले. "बाई गेल्या कामातून."

"नाही भाऊजी. त्याने डोंडा नाही, धोंडा केलाय. स्वतःच्याच पायावर पाडून घेतलाय."

दुपारी चौकशीच्या खोलीत सगळे जमले. मधोमध चौकशी अधिकारी, एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला रुमालाची घडी घालत आणि मोडत बसलेल्या बाई.

"प्रोग्रॅमला 'द' आणि 'त' ची अ‍ॅलर्जी आहे," वहिनींनी सुरुवात केली. "इंग्रजी अक्षर एकच, पण अडलं की हा 'ड' आणि 'ट' लिहितो. हिशेबनीस उड्या मारत नव्हता, 'उद्या भेटू' म्हणत होता. नर्स गोळी 'दोनदा' घ्यायला सांगत होती. दोनदाचा डोंडा झाला."

संग्रहपालाने मूळ अक्षरं पडद्यावर आणली. अधिकाऱ्यांनी ती ओठ हलवत वाचली. "दोनदा... केला. सही केली."

"आता साहेब, चाचणी दोनदा कशी टाळतात, ते मला कोणीतरी शिकवा," वहिनी म्हणाल्या. "आणि चाचणी तर 'ती'. टाळली असती तर 'टाळली' लिहिलं असतं. 'केला' काय? ताळा केला. बाईंनी ताळा सांगितला, यांनी तो ताळाच वाचला आणि दोनदा केल्याचं कळवलं."

"पण मग हे म्हणाले, डोंडा म्हणजे फाटा देणं!" भाऊजींना राहवलं नाही.

"तेच तर. प्रोग्रॅम चुकला, त्याच्या मनात पाप नव्हतं. यांना मात्र स्वतःचा शब्द ठाऊक होता. तो सांगितला असता तर बाई सुटल्या असत्या. म्हणून यांनी नवा अर्थ जन्माला घातला."

व्यवस्थापकाच्या इस्त्रीत काही उरलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी त्याला एवढंच विचारलं, "ताळा खरंच केला होता?"

"माल त्याच दिवशी जायचा होता," तो म्हणाला. "सगळ्या खेपेवर नुसतीच सही केली."

भाऊजी बाईंचं अभिनंदन करायला वळले. पण बाई ताडकन उभ्या राहिल्या होत्या.

"सगळ्या खेपेवर?" त्या म्हणाल्या. "त्यातले बाकीचे ब्रेक कुठल्या इमारतींत बसलेत?"

बाईंनी टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि देखभाल विभागाचा नंबर फिरवला.

"मेसेज टाकू का सगळ्यांना?" भाऊजींनी विचारलं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या."

"लिफ्ट बंद करा," बाई फोनवर एकेक अक्षर सुटं करत सांगत होत्या. "आपल्या ब्रेकच्या सगळ्या. हो, आत्ता. आत माणसं असतील तर आधी त्यांना बाहेर काढा. मी फोन ठेवत नाही, धरून आहे."