रूपाबाईची सीट

शिवहार, ते सीट गरम करायचं बटण आधी बंद कर बाबा. मामाला थंडी वाजते म्हणून लावलंस, कळतं मला. पण बंद कर. काहून ते सांगतो, सेनगाव अजून लांब आहे. भुताची गोष्ट आहे, पण खोटी नाही. माझ्या ओळखीच्या प्रेमदासची आहे.

प्रेमदास शेजारच्या तांड्यावरचा. पुण्याला कामाला लागला आणि तिथून जुनी, पण ऐटबाज गाडी घेऊन आला, खास आईसाठी. रूपाबाईला लकवा झालेला. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. जन्मभर जीपच्या मागच्या फळीवर बसून हिंडलेली बाई. तांड्यात आईला याडी म्हणतात. "याडी, आता तू पुढं बसायचं," असं म्हणाला तो.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात तिला हिंगोलीला डॉक्टरकडं नेलं. परतताना अंधार पडला, दात वाजतील अशी थंडी. तांड्यावर मानाच्या माणसाला नुसत्या भुईवर बसवत नाहीत, खाली गोधडी अंथरतात. यानंही तिच्याच हातची जाड गोधडी चौघडी करून सीटवर घातली. बटण दाबून सीट मागं सरकवली, तिचे पाय मोकळे केले. आणि गरम करायचं बटण शेवटपर्यंत लावलं.

"याडी, चटका तर न्हाई ना लागून राहिला?"

"न्हाई रे लेकरा. पाठीला ऊब येऊन राहिली. झोप लागते मला."

अरे, जिला चटका कळतच नाही तिला काय विचारतोस! त्यात जुन्या सीटमधली तार कुठंतरी दुमडलेली, आणि गोधडीनं सगळी धग आत कोंडली. वाटेत जागोजाग शेकोट्या पेटलेल्या. करपल्याचा वास आला, तर त्याला वाटलं, बाहेरचाच असेल. माया होती रे, माहिती नव्हती.

घरी उचलून घेतलं तेव्हा गोधडी तळहाताएवढी करपलेली. आणि तिची कातडी...

जखम भरलीच नाही. साखर होती तिला. पौषातल्या अमावास्येला गेली. शेवटपर्यंत त्याला एकच म्हणायची, "तू काय केलं? तू तर ऊब दिली मला." तेच त्याला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर हलका झाला असता पोरगा.

गाडी काही त्यानं विकली नाही. कुणी बसू नये म्हणून ती सीट पार पुढं सरकवली आणि मिस्त्रीकडून तिच्या सगळ्या तारा कापून घेतल्या. गोधडी डिक्कीत ठेवली.

यंदा अमावास्येच्या आदल्या रात्री वर्षश्राद्धाचं सामान घेऊन तो एकटाच येत होता. सेनगावच्या अलीकडं, जिथं वस्ती संपते तिथं...

बाजूची सीट हलली.

घर्रर्र...

मागं गेली. बराबर तिचे पाय मावतील एवढी. थांबली.

प्रेमदासनं गाडी उभी केली. बटणावरचा दिवा लागलेला. तार नाही... तरी लागलेला. त्यानं सीटवर हात ठेवला.

ऊब.

चटका नाही. नुसती ऊब.

"याडी...?"

त्यानं हात तसाच ठेवला.

"याडी... लई तकलीफ झाली का तुला?"

...

मग दिवा विझला.

पहाटे त्यानं माझं दार वाजवलं. हाताला धरून मला डिक्कीपाशी नेलं. आत गोधडी, नीट घडी घातलेली. करपलेल्या जागी ठिगळ लावलेलं. तो बारीक तिरपा टाका रूपाबाईचा, अख्खा तांडा ओळखतो. आणि कापड लाल, आरसे लावलेलं. तिच्या घागऱ्याचं. तोच घागरा नेसवून आम्ही तिला चितेवर ठेवलं होतं. मी स्वतः खांदा दिला होता, शिवहार.

प्रेमदास गोधडीत तोंड खुपसून ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

दहिवरानं सगळी गाडी भिजलेली, पत्रा हाताला झोंबत होता. मी ठिगळाला बोट लावून पाहिलं.

कोमट होतं.