चार बोटं कमी

बोर्मला या बंदराच्या गावातल्या एका गल्लीत त्या दुपारी पाऊस असा आला, की दोरीवरचे कपडे काढायलाही कुणाला उसंत मिळाली नाही. आणि त्या पावसातून, डोक्यावर काळे जोडे धरून, एक तरुण नार्दूच्या दुकानात शिरला.

डोक्यावर जोडे! नार्दूच्या लेकीला, चेत्ताला, हसू आवरेना.

“जोडे पायात घालतात,” ती म्हणाली. “निदान आमच्या गल्लीत तरी.”

“पायात दुसरे आहेत. हे... हे कामाला आणलेत.”

तिनं जोडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. गेली चार वर्षं जोड्यांचं दुकान तीच चालवत होती. वडील नार्दू कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि चुका काढत. आत्ता मात्र त्यांचा डोळा लागला होता.

“टाच धड, तळ धड, शिवण पपांच्या हातची. यांना दुखणं तरी काय?”

तो तरुण घुटमळला. भुवईवरून पाण्याचा थेंब नाकावर आला, तोही पुसायचं त्याला सुचलं नाही. आवाज खाली आणून तो म्हणाला, “उंची.”

“जोड्यांची?”

“माझी.”

त्याचं नाव विस्तीन. गोदीत जहाजांचे पत्रे ठोकायचं काम करायचा. आणि त्याला हवी होती एकच गोष्ट. ईस्टरच्या सकाळी पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती खांद्यावर घेऊन आठ जण देवळाकडचा चढ धावत चढतात, त्या आठांत जागा. खांदे सारखे हवेत, म्हणून दरवर्षी देवळामागच्या खोलीत माणसं मोजून घेतात. विस्तीन चार वर्षं मोजून घेत होता आणि चार वर्षं परत येत होता. खांदा आणि मूर्तीचा दांडा यांच्यात अंतर राहायचं... फक्त चार बोटांचं.

“यंदा पुढच्या जोडीतली डावी जागा रिकामी आहे,” तो म्हणाला. “तिथला माणूस ऑस्ट्रेलियाला गेला. लहानपणी मी चढावर उभा राहून फिगोल्ला, ईस्टरचा तो बदामाचा गोड केक, उंच धरायचो, मूर्तीचा आशीर्वाद मिळावा म्हणून. सगळी पोरं मूर्तीकडे बघायची. मी खालच्या माणसांचे पाय बघायचो.”

“आणि आता लोक तुमचे पाय बघणार.”

“बघू देत. फक्त उंचीसाठी आत घालाल ते बूच दिसायला नको.”

“चार बोटं म्हणजे जोडा नव्हे, जिना होईल.”

“मग जिना करा. चढायला मी तयार आहे.”

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की चेत्तानं मान खाली घालून उगाचच आरी शोधायला घेतली. आरी तिच्या हातातच होती.

त्या आठवड्यात ती बूच कापत होती, कलबुताच्या लाकडी साच्यावर चामडं ताणत होती, आणि मनात नसताना ओठांवर ओवी येत होती...

बंदरी उभी गं होडी, शिडं तिची मिटलेली
वाऱ्याचा ना मागमूस, कशानं गं हाललेली?

“वारा सुटलाय वाटतं,” कोपऱ्यातून नार्दू म्हणाले.

“कुठाय वारा? पपा, तुम्ही झोपा बरं.”

विस्तीन दर दोन दिवसांनी यायचा. जोडा पायात घालून बघायला, असं म्हणायचा. एक जोडा बघायला त्याला तास लागायचा. डावा झाला की उजवा, उजवा झाला की पुन्हा डावा...

“पाय वाढतोय का तुमचा रोज?” एकदा तिनं विचारलं.

“पाय नाही,” तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मोजणी झाली. विस्तीनचा खांदा दांड्याला अस्सा टेकला! वाहकांचे म्होरके ग्रेत्सूकाका, ज्यांच्या खांद्यावर चाळीस वर्षांच्या ओझ्यानं पावाएवढी गाठ आली होती, त्यांनी त्याची पाठ थोपटली. मग मूर्तीच्या जागी वाळूची पोती ठेवून सगळे चढावर सरावाला निघाले. गल्लीतल्या बायकांबरोबर चेत्ताही कठड्याला टेकून उभी राहिली.

दहा पावलं ठीक गेली. अकराव्याला विस्तीनचा उंच टाचेचा पाय मुरगळला, दांडा सुटला, आणि तीन पोती घरंगळत थेट खालच्या भाजीवाल्याच्या टोपलीपर्यंत गेली. जोडा पायातून निघून पालथा पडला. त्याच्या पोटातलं बूच अख्ख्या बोर्मल्यानं पाहिलं.

“कुणी केलं हे?” ग्रेत्सूकाका गरजले. “वाळूच्या जागी देव असता तर? सांग, कुणी केलं?”

विस्तीन गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. त्यानं जोडा उचलला आणि एक पाय अनवाणी तसाच लंगडत तो उतरून गेला. कठड्याला टेकलेल्या चेत्ताकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही... मुद्दामच.

चेत्ताला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पवित्र गुरुवार आला. संध्याकाळी सगळं गाव सात देवळांतल्या सात वेद्यांच्या दर्शनाला पायी निघतं. घंटा मुक्या झालेल्या असतात, त्यांच्या जागी लाकडी टाळ्यांची कोरडी करकर. नार्दू आपल्या जुन्या मित्रांबरोबर पुढे चालले होते. दुसऱ्या देवळाच्या पायऱ्यांवर चेत्ताला शेजारी एक ओळखीची चाल जाणवली. जरा लंगडती.

“माझं नाव का नाही सांगितलंत?” तिनं समोर बघत विचारलं.

“कुणी विचारलंच नाही.”

“खोटं. दोनदा विचारलं. कठड्यापर्यंत ऐकू येत होतं.”

“मग दोन्ही वेळा मला ऐकू आलं नसेल.”

तिसऱ्या देवळात दोघांनी गुडघे टेकले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “रागावला आहात?”

“त्या जोड्यांवर? हो.”

“आणि जोडे करणारीवर?”

तो पुढच्या देवळाकडे चालू लागला. चौथं देऊळ झालं, पाचवं झालं. मेणबत्त्यांचा धूर, फुलांचा वास, आणि बाजूला त्याची ती लंगडती चाल... पाचव्या देवळाच्या दारात तो एकदम म्हणाला, “तिच्यावर रागवायचं तर आधी तिच्याकडे बघणं थांबवायला हवं. ते काही जमत नाही.”

चेत्ताची पावलं आपोआप भराभर पडू लागली. सहावं देऊळ आटोपून ती चढाला लागली, त्याच चढाला. तो दोन पावलं मागे. काहीतरी खोचक बोलायचं म्हणून ती वळली आणि...

आणि बोलायचं राहूनच गेलं. त्याचे डोळे अगदी समोर होते. वर नाहीत, खाली नाहीत, समोर! एरवी ती त्याच्या हनुवटीला लागत असे.

“थांब,” ती म्हणाली. “हलू नकोस.”

‘तुम्ही’ कधी गळून पडलं, हे तिलाही कळलं नाही. तिनं हात पसरून आपल्या खांद्यावरून त्याच्या खांद्यापर्यंत सरळ रेघ धरली. तळहात बरोबर त्याच्या खांद्यावर टेकला. ती हसू लागली.

“चेत्ता, आज हसत नाहीत.”

“तुम्हा वाहकांना मोजतात कुठे?”

“देवळामागच्या खोलीत.”

“फरशीवर?”

“मग काय छतावर?”

“आणि धावता कुठे?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग चढाकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे, आणि या वेळी बघतच राहिला.

“दरवर्षी मूर्ती मागे का कलते, विचार ना!” चेत्ता भराभर बोलू लागली. “बायका छातीवर हात ठेवून बसतात, आता पडते की मग पडते म्हणून. सगळे सारख्या उंचीचे, मग चढावर पुढचे वर जाणार आणि मागचे खाली राहणार! पुढे बुटकी माणसंच हवीत, विस्तीन. तू चार बोटं कमी नाहीयेस. तू नेमका आहेस!”

तिचा तळहात अजून त्याच्या खांद्यावरच होता. दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. सातव्या देवळात तिनं काय प्रार्थना केली, ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.

शुक्रवारी सुट्टी. दुकानं बंद, सगळं गाव काळ्या कपड्यांत मिरवणुकीमागे, मोठ्यानं बोलायचीही चोरी. चेत्तानं कसाबसा तो दिवस काढला. शनिवारी सकाळी मात्र ती वाहकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिथे बाई माणूस कधी येत नसे.

“वाट चुकलीस का गं?” एकानं विचारलं.

“नाही. बूच मी घातलं होतं, ते सांगायला आले.”

ग्रेत्सूकाकांच्या मिशा थरथरल्या. “नार्दूची पोर! बापाच्या दुकानाचं नाव...”

“नाव माझ्यामुळे गेलं तर जाऊ दे. पण आधी माझं ऐका. मूर्तीचा रिकामा पाट चढावर न्या, त्याच्यावर पाण्याचं घमेलं ठेवा. नेहमीसारखे उचला, मग मी सांगते तसे उचला. पाणी काय करतं ते बघू.”

“आम्ही चाळीस वर्षं वाहतोय. आता तू शिकवणार?”

चेत्ता त्यांच्या जवळ गेली. आवाज अगदी मऊ केला, त्यांच्यापुरता.

“काका, पुढच्या जोडीत उजवीकडे तुम्हीच असता ना? तुमची खांद्याची उशी गेल्या तीन वर्षांत तीनदा जाड करून नेलीत. मीच शिवली. वयानं माणूस जरा खचतो, त्यात काय लाजायचं... मी कुणाला बोलले नाही. बोलणारही नाही.”

ग्रेत्सूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग त्यांनी घसा खाकरला.

“अरे, बघताय काय नुसते? घमेलं आणा!”

पहिल्या खेपेला सगळं पाणी मागच्यांच्या कॉलरमध्ये गेलं. शिव्या येणार होत्या, पण पवित्र शनिवार असल्यानं त्यांनी त्या गिळल्या. दुसऱ्या खेपेला चेत्तानं माणसं लावली. पुढे ग्रेत्सूकाका आणि विस्तीन, दोघांच्याही खांद्यावर उशीच नाही. त्यांच्या मागच्यांना एक उशी, त्यांच्या मागच्यांना दोन, आणि शेवटी सगळ्यांत उंच जोडीला तीन.

आठही जण चढावर उभे राहिले. घमेल्यात पाणी थरथरलं... आणि जागच्या जागी राहिलं.

मग मागचा भिजलेला एक जण म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं आम्ही उगाचच मरत होतो?”

“ए अर्ध्या,” ग्रेत्सूकाका विस्तीनला म्हणाले, कारण गोदीत त्याला याच नावानं चिडवत, “उद्या साध्या जोड्यांत ये. आणि पडलास तर या पोरीला तोंड दाखवू नकोस.”

ईस्टरची सकाळ अशी उजाडली, की सगळ्या बंदरावर सोनं सांडलं होतं. दोन दिवस मुक्या राहिलेल्या घंटांना आता कुणी आवरू शकत नव्हतं. सज्ज्या-सज्ज्यांतून लाल कापडं लोंबत होती, बँड वाजत होता, आणि चढाच्या दोन्ही बाजूंना पोरं बदामाचे फिगोल्ले उंच धरून उभी होती. कुणाचा मासा, कुणाचं कोकरू, कुणाचं बदाम लागलेलं हृदय.

चेत्ता चढाच्या वरच्या टोकाला, देवळाच्या पायरीवर उभी होती. खाली, गर्दीच्या वर, हातात विजयाचा झेंडा घेतलेला ख्रिस्त उभा दिसत होता. आणि त्याच्या पायांशी, डाव्या दांड्याखाली, एक काळंभोर डोकं.

बँड थांबला. ग्रेत्सूकाकांची हाक आली. “आता!”

आणि ते धावले.

सोळा पायांचा आवाज दगडी रस्त्यावर असा आला, की कबुतरांचा अख्खा थवा उडाला. बायकांचे हात सवयीनं छातीकडे गेले. दहा पावलं. अकरावं... चेत्तानं डोळे मिटले नाहीत. अकरावं गेलं, बारावं गेलं, वीस, तीस! झेंडा आकाशात सरळ. मूर्ती सरळ, जशी स्वतःच्याच पायांनी चढ चढून यावी. सज्ज्यातली एक म्हातारी ओरडली, “अगं बघा, कलत नाहीये! देव ताठ येतोय!” आणि मग सगळा चढच ओरडू लागला. टाळ्या, घंटा, पोरांच्या किंकाळ्या, कुणी रडतंय, कुणी हसतंय. विस्तीनचं तोंड लालबुंद झालं होतं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि तो हसत होता. सगळ्या ओझ्याखालून हसत होता, सरळ तिच्याकडे बघून.

देवळाच्या दारात मूर्ती टेकली. ग्रेत्सूकाकांनी विस्तीनला मिठी मारली ती इतकी जोरात, की दोघेही भिंतीवर आदळले. वाहकांनी त्याला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. गर्दीतून वाट काढत तो शेवटी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. सदरा खांद्यावर फाटला होता, त्यातून दांड्याचा लाल वळ दिसत होता.

“चेत्ता... मी... मला...”

पुढे श्वासच पुरेना.

“उगी,” ती म्हणाली. “दम खा. तोवर तुझ्या वाटचं मीच बोलते. चुकलं तर मान हलव.”

त्यानं डोळ्यांनीच होकार दिला.

“तुला म्हणायचंय की जोडे बघायला तू येत नव्हतास.”

मान हलली नाही.

“तुला म्हणायचंय की मी तुला आवडते. अगदी त्या पहिल्या पावसापासून.”

मान हलली नाही. फक्त डोळे ओले झाले.

“आणि तुला म्हणायचंय...” आता मात्र तिचाच आवाज अडखळला, “की पुढच्या वर्षी ईस्टर झाला की याच देवळात, तू आणि मी...”

विस्तीननं जोरात मान हलवली. नाही म्हणून.

चेत्ताचा चेहरा पडला. “नाही?”

“पुढच्या... वर्षी... नाही,” तो धापा टाकत म्हणाला. “एवढं... कोण थांबतंय? जूनमध्ये!”

मागे उभे असलेले नार्दू म्हणाले, “जूनमध्ये? मग उद्याच पाद्रीबाबांना भेटलं पाहिजे.”

आणि चेत्ता, जिच्याकडे प्रत्येक बोलण्याला उत्तर तयार असे, तिनं सगळ्या बोर्मल्यादेखत त्याचा घामेजला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली. हो म्हणून... पुन्हा पुन्हा, हो म्हणून.