सात नंबरच्या खाटेशी बोलायचं नाही

दीपमाला सलाइनची बाटली बदलायला सात नंबरच्या खाटेजवळ वाकली आणि तिचा पाय कशावर तरी पडला. खाटेखालून आवाज आला, "आई गंऽ…"

ती दचकून मागं सरली. खाली चादर अंथरून एक तरुण झोपला होता. तो बोटं झटकत बाहेर आला.

"सॉरी… मला दिसलंच नाही," ती म्हणाली.

"राहू द्या ना, सिस्टर. बाबाचा पाय मोडला, आता माहा हात मोडला तं बाजूची खाट भेटून जाईन. खाली लय डास हायेत."

तिला हसू आलं. मास्क होता म्हणून बरं झालं.

"हसल्या तुमी," तो म्हणाला. "डोळ्यावरून समजते."

तिनं बाटली लावली, खाटेवरचा नंबर पाहिला आणि तिचं हसू गेलं. सात. म्हणजे विषम. ती काही न बोलता पुढं गेली.

त्याचं कारण असं होतं. दीपमाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अभ्यासात चांगली, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. म्हणून कॉलेजच्या हमीदा मॅडमनी तिला संशोधनाला विषयच तसा दिला होता. यवतमाळातल्या त्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सम नंबरच्या खाटांवर रोज थोडा वेळ बसून पेशंटशी बोलायचं. विषम नंबरच्या खाटांना फक्त नेहमीची सेवा, गप्पा नाहीत. मग सगळ्यांना विचारायचं, आज मनाला किती बरं वाटतं, दहापैकी सांगा. बोलल्यानं पेशंटला खरंच बरं वाटतं का, ते यातून कळणार होतं. कुणाशी का बोलते आणि कुणाशी का नाही, हे मात्र पेशंटला सांगायचं नव्हतं. हे संशोधन नीट झालं तरच ती पास होणार होती.

खाटेखालच्या तरुणाचं नाव राजदीप. राळेगावला शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. त्याचे वडील उकंडाबाबा बांधावरून पडले होते. मांडीपासून पायाला प्लास्टर होतं. म्हातारा शांत, वरच्या पंख्याकडं बघत पडून असायचा.

दीपमाला रोज आठ नंबरच्या पंजाबरावांजवळ स्टूल घेऊन बसायची. पंजाबराव बैलांपासून जावयापर्यंत सगळं सांगायचे. शेजारी राजदीप बापाचे पाय दाबत ऐकत असायचा.

"सिस्टर, आमच्या खाटेवर काटे हायेत का?" त्यानं एकदा विचारलंच.

"नाही. का?"

"तिकडं बसता, इकडं बसत नाही. काहून?"

"काम असतं मला."

"बैलाच्या गोष्टी ऐकाचं काम?"

ती आकडा लिहून निघाली. दारापाशी जाऊन तिनं मागं पाहिलं… तो बघतच होता. तिला स्वतःचाच राग आला. ज्या खाटेशी बोलायचं नाही, त्याच खाटेकडं सारखं लक्ष का जातं? सलाइन तपासायचं निमित्त करून आज ती तिकडं कितींदा गेली होती? आणि हा पठ्ठ्या प्रत्येकाशीच असा बोलतो, की फक्त तिच्याशी? तिला काही कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पेरू कापून बसला होता. "घ्या ना. का पेरूशीही बोलत नाही तुमी?"

"पेशंटकडचं घेत नाही आम्ही."

"मी कुठं पेशंट हाओ? मी तं खाटेखालचा माणूस."

तिनं फोड घेतली नाही. दिवसभर मात्र तिला पेरूचा वास येत राहिला.

आठवड्यानं तिनं आकडे हमीदा मॅडमना दाखवले. मॅडमनी चष्मा काढला.

"दीपमाला, हे सगळे दहा कसे? सम खाटांना दहा, विषम खाटांना दहा. ज्याचं ऑपरेशन लांबलं, त्यालाही दहा. आकडे असे येत नाहीत. तू घरी बसून तर भरले नाहीस?"

दीपमाला अडखळली. "नाही मॅडम… त्यांनीच सांगितले…"

"मग कारण शोधून आण. नाहीतर मला हे नापास करावं लागेल."

ती तडक वॉर्डात आली. राजदीप औषधं आणायला खाली गेला होता. तिनं पंजाबरावांना विचारलं, "काका, खरं सांगा. परवा रात्रभर कण्हत होतात तुम्ही. मग सकाळी दहा कसे सांगितले?"

"आता तुह्यापासून काय लपवाचं, पोरी? त्या राजदीपनं साऱ्या वॉर्डाले सांगतलं, हे सिस्टरचे परीक्षेचे मार्क हायेत म्हणून. कमी सांगान तं पोरगी फेल होईन म्हणे. मंग आमी दिले पुरे. आमचं काय जाते?"

दीपमालाला हसावं की रडावं ते समजेना. तेवढ्यात औषधाची पिशवी घेऊन राजदीप आला.

"तुम्ही सांगितलं सगळ्यांना?"

"काय जी?"

"ते मार्क माझे नव्हते! पेशंटच्या मनाला कसं वाटतं, ते विचारत होते मी. तुमच्यामुळं मी आता खरंच फेल होणार."

त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "मले वाटलं… तुमी भीत भीत इचारे, अन् आकडा लिवला का मंग श्वास सोडे. मले वाटलं, तुमचीच परीक्षा चालून राह्यली. मी तं तुमच्यासाठी…"

"माझ्यासाठी कशाला? कोण लागते मी तुमची?"

तो पिशवीतल्या गोळ्या मोजायला लागला.

खाटेवरून उकंडाबाबा हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगाचं असन, तं माहे तीन लिव, बाई."

दोघंही वळले.

"याची माय होती तवा रोज सकाळी इचारे, आज कसं वाटते म्हणून. ती गेली, तवापासून कोणी इचारलं नाही. तू इचारत होती, तं बरं वाटे. पण तू नुसता आकडा घेत होती अन् निंघून जात होती."

राजदीपनं मान खाली घातली. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नियम तंतोतंत पाळला होता, आणि त्या नियमाच्या पलीकडं हा माणूस एकटा पडून होता.

ती मॅडमकडं गेली आणि सगळं सांगितलं. मार्कांचा घोळ, म्हाताऱ्याचे तीन, काहीच लपवून ठेवलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं.

"हे आकडे गेले," त्या म्हणाल्या. "पण कसे गेले, ते लिही. पुढच्या वेळी पेशंटना आधी समजावून सांग, मार्क तुझे नाहीत म्हणून. नवे पेशंट घे, महिना वाढवून देते." मग थांबून म्हणाल्या, "आज तू माझ्याशी एकदाही न अडखळता बोललीस. तेही लिही."

दीपमाला परत आली आणि सात नंबरजवळ स्टूल ओढून बसली.

"बाबा, तुम्ही आता माझ्या अभ्यासात नाही. सांगा, यांच्या आई कशा होत्या?"

म्हातारा आधी पंख्याकडंच बघत राहिला. मग बोलायला लागला. ती भाकरी कशी करायची, रागावली की कशी भांडी आपटायची, धम्मचक्र दिनाला नागपूरला जाताना वर्षाची एकच नवी साडी कशी नेसायची… बोलता बोलता त्याचे डोळे मिटले.

आता दोघंच उरले. एवढे दिवस टोमणे मारणारा राजदीप औषधाची पिशवी उलटसुलट करत होता.

"बोला की," दीपमाला म्हणाली. "आता बोलायला बंदी नाही."

"आता… सुचून नाही राह्यलं."

"मघाशी विचारलं होतं मी. मी कोण लागते तुमची?"

"तेच तं समजत नाही ना! परवा बाबाले सुट्टी देतीन म्हणते. सारे घरी जातीन म्हणून खुश हायेत, अन् मले जाव नाही वाटत. दवाखाना सोडाव नाही वाटत, असा माणूस पाह्यला का कुठं?" तो एका दमात बोलला आणि लाजला. "मंग मी यवतमाळले कायले येऊ?"

"प्लास्टर काढायला यावंच लागेल."

"ते तं दीड महिन्यानं."

तिनं स्टूल थोडं पुढं ओढलं.

"रविवारी मला सुट्टी असते," ती म्हणाली, आणि आपणच हे बोललो, याचं तिला नवल वाटलं.

खाटेवरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "येतो म्हण ना, पोरा! का तेही मीच सांगू?"