गुंतवळ

खर्र…

थांबलं.

खर्र… खर्र…

दाट, गुंतलेल्या केसांतून कुणी कंगवा ओढावा तसा आवाज. स्वयंपाकघराच्या फळ्यांखालून येत होता.

इल्वा हातांना लागलेलं सिमेंट खरवडत सिंकपाशी उभी होती. तिने नळ बंद केला. घरात ती आणि तिची चार वर्षांची लेक तूवा, दोघीच. तूवा बाकावर झोपली होती.

जे घडलं ते जसंच्या तसं सांगते. इल्वा माझी भावजय. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. उलट दोन गोष्टी लिहायला हात धजावला नाही, म्हणून त्या गाळल्यात.

रामसेले गावाच्या वरच्या अंगाला, तांबड्या रंगाचं ते लाकडी घर. ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. दुपारचे तीन.

घर इल्वाच्या गुनवोर मावशीचं. मावशीला जाऊन अकरा वर्षं झालेली. इल्वाचा नवरा, म्हणजे माझा भाऊ हॉकन, तिकडे दूर उत्तरेला किरुना शहरातल्या खाणीत, महिन्यातून दोन दिवस घरी. गेल्या खेपेला बाप दारात आला, तर तूवा दाराआड लपली. कोण आलंय, असं हळूच विचारलं तिने. त्याच दिवशी इल्वाने ठरवलं, घर विकायचं आणि किरुनाला जायचं.

वसंतात गिऱ्हाइकं येतात तेव्हा अंगणात गुडघाभर बर्फ असतो. म्हणून फोटो आधीच काढून ठेवायचे. एजंट सोमवारी येणार होता. आठवडाभर इल्वा एकटी राबत होती. पन्हळीतला कुजका पाला उपसला, भिंतींवरचं शेवाळ घासलं, पायऱ्या रंगवल्या. हिवाळ्याआधी सगळेच करतात तसे जोत्यातले हवेचे झरोके बंद केले.

राहिला उत्तरेकडचा एक. हात कसाबसा जाईल एवढा. काळा. फोटोत पडक्या दातासारखा दिसला असता.

शेजारचे रूने आजोबा कुंपणावर रेलून बघत होते.

"काय गं, नवरीला पावडर लावून झाली की नाही?"

"हे भोक बुजवलं की झाली."

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. "ते नको. गुनवोर तेवढं उघडं ठेवायची."

"कशाला?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, मला जायला-यायला लागतं."

"एवढ्याशा भोकातून?"

"मस्करीच केली असेल," ते म्हणाले. आणि तिच्याकडे न बघता घरात गेले.

बुजवण्याआधी साफ करायचं म्हणून इल्वाने आत हात घातला.

काहीतरी मऊ लागलं. ओलं… तेलकट.

तिने ओढलं. करडे केस.

मग तिला आठवलं. मावशी मागच्या पायरीवर बसून केस विंचरायची आणि कंगव्यातलं गुंतवळ या भोकात कोंबायची.

पण किती?

इल्वा ओढत गेली. वीतभर… हातभर… चिकट दोरखंडच. त्याला मेलेल्या माश्या, कापलेली नखं, पिवळट चरबीचे गोळे. वास आंबट, महिनोन्‌महिने न धुतलेल्या डोक्याचा. बादली काठोकाठ भरली. तिच्या नखांत मेणचट थर बसला.

आणि अकरा वर्षं तिथे पडलेले ते केस… कोमट होते.

तिने सगळं पाल्याच्या ढिगावर टाकून पेटवलं. भोकात दगड बसवला, वर सिमेंट लिंपलं. जोतं कसं एकसारखं दिसू लागलं.

आणि आता हा आवाज.

खर्र… खर्र…

तो फळ्यांखालून सरकत बाकाखाली गेला.

तिथेच थांबला.

इल्वा धावली. तूवा गाढ झोपेत होती. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उमटला होता. सकाळपासून पिंजारलेले तिचे पिवळे केस आता दोन घट्ट वेण्यांत गुंफलेले होते. चापूनचोपून. इल्वाच्या लहानपणी मावशी तिच्या घालायची, अगदी तशा.

तिने एक वेणी हातात घेतली. बोटं चिकट झाली. तोच आंबट वास…

पिवळ्या केसांत एक करडा केस विणलेला होता. इल्वाने तो ओढला. तो येत राहिला. येतच राहिला.

लेकीला उचलून ती तशीच अनवाणी बाहेर पळाली. एका हाताने ओलं सिमेंट ओरबाडलं, दगड उपसला. तासाभरापूर्वी रिकामं केलेलं भोक आतून पुन्हा गच्च भरलं होतं.

ती वाट बघत उभी राहिली. भोकातून काहीच बाहेर आलं नाही. पण आवाज मात्र बंद झाला.

पलीकडे रूने आजोबांच्या खिडकीचा पडदा कुणीतरी ओढून घेतला.

फोटो भोकासकट निघाले. एजंटने ते फोटोतून पुसून टाकलं. मेमध्ये घर विकलं गेलं. नव्या मालकांना इल्वाने परत परत बजावलं, तेवढं बुजवू नका. त्यांनी हसून मान डोलावली.

किरुनातली जागा चौथ्या मजल्यावर. नवी इमारत, तिहेरी काचा, कुठे फट म्हणून नाही. हॉकन रोज घरी जेवतो. तूवा त्याच्या खांद्यावर चढून बसते. तिचे केस इल्वाने कानापर्यंत कापून टाकलेत. घरात कंगवा दिसत नाही. मी विचारलंही नाही.

जूनमध्ये मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी आम्ही चौघं लापशी खात होतो. तूवा खाता खाता थबकली. तिने तोंडात दोन बोटं घातली आणि हळूहळू काहीतरी बाहेर ओढलं.

लांब… करडं… लाळेने चिंब.

ते तिने गुंडाळून ताटलीच्या कडेला नीट ठेवलं, जणू रोजचंच. मग खुर्चीवरून उतरली आणि खिडकीखालच्या भिंतीवरून तळहात फिरवू लागली. आधी एका कोपऱ्यात. मग दुसऱ्या.

गुनवोर मावशीचं नाव या घरात कुणी कधी तिच्यासमोर काढलेलं नाही.

"आई," ती म्हणाली, "गुनवोर आजी विचारतेय, या घराला भोक कुठंय?"