मांडणीवरच्या सपाता

साबण संपला होता. त्या संध्याकाळी मी बाहेर पडले ती हेच सांगून.

दिवा राहू दे छोटे, मालवू नकोस. तुझ्या बाबांनी तुझंही तिकीट काढलंय हे मला आज कळलं, तेही माझ्या आईकडून. तेव्हा सगळं ऐक, मग काय करायचं ते तुझं तू ठरव.

मी कॉलेज सोडलं तेव्हा आपल्या घरात मयताला बसावी तशी बैठक बसली होती, आठवतंय? माझे बाबा गप्प, आई पदराशी चाळा करतेय, आणि तुझे बाबा मधोमध. "परदेशात सेवा करून येऊ दे. डोकं ठिकाणावर येईल." जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही त्या माणसाने, आणि सेवा मी करायची. आईने घाबरत विचारलं, "भावजी, मुलगी सुखरूप राहील ना?" तर म्हणाले, "अगदी घरासारखं आहे, वहिनी." तिथलं कोणी त्यांच्या ओळखीचं होतं का? छे. एक माहितीपत्रक बघितलं होतं, त्यावर हसणारी पोरं होती. आईने निघताना मुठीत सेफ्टीपिनांचा झुबका दिला. घरातल्या सगळ्या मोठ्यांमध्ये कामाची वस्तू तेवढी तिनेच दिली.

मला काम मिळालं दवाखान्याच्या धुलाईघरात. वॉर्डातल्या चादरी उकळायच्या, पिळायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या. आमचं राहायचं घर गल्लीच्या टोकाला होतं. मोठ्या बाई ते चालवायच्या. दाराशी एक मावशी बसायच्या. त्यांची भाषा मी तुटकीमुटकी शिकले. तुला आपल्या भाषेत सांगते.

त्या घराची एक रीत होती. आल्याबरोबर प्रत्येकीला घरात घालायच्या कापडी सपाता मिळायच्या, प्रत्येकीच्या वेगळ्या रंगाच्या. बाहेर जाताना त्या दाराजवळच्या मांडणीवर ठेवायच्या, आत आलं की घालायच्या. दिवेलागणीला मावशी मांडणी बघायच्या. मांडणी रिकामी म्हणजे सगळ्या आत. मग त्या लोखंडी अडसर घालायच्या. एक जोड जरी दिसला, तरी कोणीतरी बाहेर आहे. दार नुसतं लोटलेलं. ना हजेरी, ना सही. मला पद्धत आवडली होती. माणूस खोटं बोलतं, सपाता कशाला बोलतील?

माझ्या करड्या होत्या. पहिल्याच आठवड्यात डावीचा पट्टा उसवला. मी त्याला आईची पिन लावली. फरशीवर चालले की डावा पाय पडताना आवाज यायचा. चट्... टिक. माझ्या खोलीतली मुलगी, तिला आम्ही चष्मिस म्हणायचो, वैतागून म्हणायची, "घोड्याला नाल ठोकलीय का गं?"

पण छोटे, ते दार कधी बंदच व्हायचं नाही.

कारण मांडणीच्या खालच्या फळीवर एक निळा जोड कायम असायचा. धूळ बसलेला नाही, स्वच्छ. मावशी रोज तो पुसायच्या.

"कोणाच्या या?" मी विचारलं.

"आहे एक मुलगी. यायचीय अजून."

"कधी गेलीय?"

"तू यायच्या आधी."

बास. मी मोठ्या बाईंना गाठलं. त्या कागदांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "ती मुलगी परत तिच्या घरी गेली. विषय संपलेला आहे."

"मग जिन्याखालच्या खोलीत बॅग कोणाची आहे?"

आता त्यांनी वर पाहिलं. "तुला इथे मदतीला बोलावलंय की चौकशीला?"

बघ, मोठी माणसं सगळीकडे एकाच साच्यातली असतात. मुलगी हरवली म्हटलं तर पुढच्या मुली येणार नाहीत, म्हणून ती घरी गेली असं म्हणायचं. चष्मिसने मला खरं काय ते सांगितलं: ती दवाखान्यामागच्या बोळातून दुकानात गेली, आणि तिला शोधायला कोणी बॅटरी घेऊनसुद्धा बाहेर पडलं नाही.

आणि गल्लीच्या तोंडाशी टवाळ बसलेले असायचे. त्यातला एक, लाल टोपीवाला, एकदा माझ्यामागे थेट आमच्या दारापर्यंत आला होता. दार लोटलेलंच असतं हे त्यालाही दिसलं. मी घाबरून घरी फोन केला. तुझ्या बाबांनी उचलला. म्हणाले, "आमच्या लहानपणी दारं उघडीच असायची." तुमच्या लहानपणी चोराने न्यावं असं होतं काय घरात, असं अगदी ओठांवर आलं होतं. फोन ठेवला.

मग मी जे केलं ते माझ्या जिवासाठी केलं. तो निळा जोड उचलला आणि माझ्या पलंगाखाली मागे सरकवून दिला.

त्या संध्याकाळी मांडणी रिकामी दिसली. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, अडसर घातला आणि आत जाऊन जेवणाला एक ताट जास्त मांडलं. मला गलबलून आलं, खोटं नाही सांगत. पण त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले.

सकाळी केर काढताना पाहिलं. सपाता पलंगाच्या कडेला आल्या होत्या. दोन्ही टाचा माझ्याकडे, चवडे दाराकडे. तळव्यांना ओला चिखल.

घाबरण्याआधी मला काय वाटलं सांगू? चिखल कुठला, हे बघावंसं वाटलं. पाऊस नव्हता, तिथे सगळं कोरडं होतं. तसा काळा, वास मारणारा चिखल मी एकाच ठिकाणी पाहिला होता. दवाखान्यामागच्या बोळात, आमच्या धुलाईघराचं पाणी जिथे सोडतात तिथे.

म्हणून साबणाचं निमित्त. साबण खरंच संपला होता, पण दुकानाला मोठा रस्ताही होता. मी मुद्दाम बोळातून गेले. करड्या सपाता मांडणीवर ठेवल्या, मावशींना सांगितलं, निघाले. उजेड होता अजून.

बोळात काहीच नव्हतं गं. दोन भिंती, मध्ये गटार, आणि उकळलेल्या चादरींचा तो वाफेचा, कुबट वास. फक्त एका जागी चिखलात सपातांचे ठसे होते. दुकानाकडून घराकडे जाणारे. मी माझा पाय शेजारी ठेवून बघितला. ठसा लहान होता. मी साबण घेतला आणि त्याच ठशांच्या मागून परत आले. ते आमच्या दाराशी संपत होते.

दार बंद होतं. आतून अडसर.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. मांडणी रिकामी. माझ्या करड्या सपाता नव्हत्या.

"मावशी, दार उघडा."

"कोण?"

"मी! साबण आणायला नव्हते का गेले?"

मावशी अगदी दाराला लागून, दबक्या आवाजात म्हणाल्या, "साबणाला गेलेली ती मघाशीच आली. सगळ्या आत आहेत. जा तू..."

आणि त्यांच्या मागे, जिन्यावर, मला ऐकू आलं.

चट्... टिक. चट्... टिक.

वर जात होतं. सावकाश, माझ्यासारखंच एक-एक पायरी.

मी मागे वळले. गल्लीच्या तोंडाशी लाल टोपीवाला उठून उभा राहिला होता. त्याला कळलं होतं की दार लागलंय आणि मी बाहेर आहे. तो चालत आला, हसत, खिशात हात घालून. मधेच त्याची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली, आमच्या खोलीच्या खिडकीकडे. तो थांबला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वर. मग तो उलट्या पावली चार पावलं गेला आणि पळत सुटला.

मी वर पाहिलं नाही. कुतूहल मला खूप आहे, पण तेव्हा नाही पाहिलं.

मी दारावर दोन्ही हात आपटले. "मावशी! निळ्या सपाता मी लपवल्यात! ती आलेली नाही... ती अजून बाहेरच आहे!"

अडसर सरकला.

मावशींनी माझे पाय बघितले, मग चेहरा. रागावल्या नाहीत. "आण त्या," एवढंच म्हणाल्या.

खोलीत चष्मिस पुस्तक वाचत होती. मला दारात बघून तिच्या हातातून पुस्तक पडलं. "तू... आत्ता तर आलीस ना? भिंतीकडे तोंड करून झोपलीस. हाक मारली तर हुं म्हणालीस..."

माझ्या अंथरुणात कोणी नव्हतं. चादर मात्र ओली होती, आणि तिला बोळातला वास होता.

निळ्या सपाता मी मांडणीवर परत ठेवल्या. त्यानंतर मी तिथे होते तोवर दार नुसतं लोटलेलं राहिलं, आणि लाल टोपीवाला पुन्हा दिसला नाही. माझ्या करड्या सपाता काही सापडल्या नाहीत. मी अनवाणीच राहिले.

निघायच्या दिवशीची त्यांची अजून एक रीत आहे. जाणारीच्या सपाता मावशी कात्रीने कापतात, म्हणजे घराच्या लेखी ती गेली. मावशी कात्री घेऊन बसल्या होत्या. कापायला काही नव्हतं.

"मग तू गेलीस असं मी कसं म्हणू?" त्या म्हणाल्या.

तर हे असं आहे. उद्या मी तुझ्या बाबांना तोंडावर सांगणार आहे, छोटीला पाठवायचं नाही. ओरडू देत. तू अशी का बघतेस?

"ताई... काल बाबांनी मोठ्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं."

मग?

"त्या म्हणाल्या, सध्या घर रिकामं आहे, सगळ्या मुली गेल्या, मावशीही गावाला गेल्यात. तू ये, दोन खोल्या तुझ्याच." छोटीने पाय वर ओढून घेतले. "पण त्यांच्या मागे जिन्यावर कोणीतरी चालत होतं. बाबा म्हणाले, नेटवर्कचा आवाज आहे. ताई, तो आवाज ना..."

तिने बोटाने पलंगाच्या लाकडावर वाजवून दाखवलं. आधी मऊ, मग नखाने.